काकांचे चोरटे रोल

शिंपीकाकांनी कोळंबीचा दुसरा रोल उचलला आणि पुन्हा हॉटेलच्या काचेबाहेर पाहिलं. घास तोंडात, डोळे रस्त्यावर.

"काका, बसून खा की निवांत. आत्ताच तळून काढलेत," आचारी म्हणाला.

"निवांत? डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. हिला कळलं तर मला उभा कापून झबली शिवेल!"

"कोळंबीचा काय दोष हो? ती नुसती प्रथिनं. बदनाम झाली ती तेलापायी." आचाऱ्याला असं बोलायची भारी हौस. "आणि पूर्वी चीनमध्ये हे रोल तळतही नव्हते. थंडी सरली की कोवळी भाजी पातळ पोळीत गुंडाळायची आणि तशीच खायची. तळायची अक्कल नंतरची."

"ज्याला सुचली त्याचं भलं होवो! आमच्याकडे रोज उकडलेला भोपळा. हिच्या हाताला चव म्हणून नाही रे." काकांनी बोटं चाटली. "हे बघ, तेलकटपणाचं नाव नाही. याला म्हणतात हात!"

आचारी उगाचच खोकला.

तेवढ्यात काचेपलीकडे ओळखीची चाल दिसली. काकांनी घास घाईने गिळला. उरलेला रोल खिशात कोंबून ते थेट स्वयंपाकघरात घुसले आणि पिठाच्या पोत्यांमागे दडले. तोल सावरायला त्यांनी शेगडीवरची कढईच धरली. हात भाजला कसा नाही, हे बघायला सवड कुणाला होती?

काकू सरळ गल्ल्यापाशी आल्या.

"आले होते का हे?"

"आले होते."

"खाल्लं?"

"पोटभर, काकू. वर कौतुकही केलं."

फितूर मेला! काकांनी पोत्यामागून त्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. आता घरी महाभारत. उद्यापासून भोपळाही मोजून मिळणार.

बाहेर डबा ठेवल्याचा आवाज झाला.

"हे उद्याचे. नेहमीसारखे ओव्हनमध्ये शेकून दे. तेलाजवळसुद्धा नेऊ नकोस."

"काकू, किती दिवस चालवायचं हे? एकदा सांगून टाका ना, तुमच्याच हातचे आहेत म्हणून."

काकू हसल्या.

"आणि मग ते खातील होय?"