माठातला मोगरा

"माठात मोगरा कोणी टाकला?" हे स्वयंपाकघरातून ओरडले आणि बागेत फुलं खुडताना माझ्या हातातली परडीच खाली पडली.

लग्न झाल्यापासून आमचं भांडण यावरूनच. उन्हाळा लागला की मला माठाच्या पाण्यात मोगरा हवा आणि यांना पाणी पाण्यासारखंच लागलं पाहिजे. "अत्तर प्यायचंय का?" म्हणायचे. दरवर्षी माघार मीच घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि यांना वास येणंच बंद झालं. परत येईलच असं डॉक्टरांनाही सांगता येईना. तेव्हापासून हे स्वतःच्या हाताने लावलेल्या बागेकडे फिरकले नाहीत. यंदा मोगऱ्याची छाटणी मीच केली, वेडीवाकडी, तरी झाड पांढरंशुभ्र फुललं. मग मीही संधी साधली. संध्याकाळी माठात फुलं टाकायची आणि सकाळी हे उठायच्या आत काढून घ्यायची. आजही काढली होती. पाण्यात एक पाकळी नव्हती.

मी धावत आत आले. "किती वेळा सांगितलं, पाण्याला वास..." म्हणता म्हणता हे थांबले. हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पुन्हा नाकाशी नेला.

"ओरडा ना," मी म्हटलं. "अजून एकदा ओरडा."

हे अनवाणीच बागेत गेले आणि मोगऱ्यात तोंड खुपसून उभे राहिले. मी दारातून बघत होते. बऱ्याच वेळाने हे तिथूनच ओरडले, "ही छाटणी कोणी केली? अशी करतात का छाटणी?"