चौथ्यांदा पहिल्यांदा

नव्या पाहुण्याची मिशी डाव्या बाजूनं सुटली होती. चर्चच्या दारात टेबल मांडून बसलेल्या बाईंनी ती पाहिली आणि त्यांना इतका आनंद झाला, की आपण देवाच्या दारात बसलो आहोत हेही त्या क्षणभर विसरल्या.

"प्रथमच येताय?" त्यांनी मधाळ आवाजात विचारलं.

"अगदी प्रथमच," पाहुणा म्हणाला. "बोटीवर असतो मी. कालच किनाऱ्याला लागलो."

तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस काळा चष्मा लावून आला होता, तेव्हा तो विमा विकत होता. त्याआधी टोपी घालून आला, तेव्हा नळ दुरुस्त करत होता. आणि सगळ्यात आधी आला तो वाढलेल्या दाढीतला चित्रकार होता. पण उजवा कान चारही वेळा तोच, वरून दुमडलेला. चौतीस वर्षं शाळेत शिकवून, कॉपी करणारी कार्टी नुसत्या मानेवरून ओळखणाऱ्या बाईंना असला कान चकवणार होता थोडाच! एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, हे त्या येताजाता सांगत आणि ऐकणाऱ्यांनाही आता ते पाठ झालं होतं.

थर्मासची योजना पाळकांची. बाक रिकामे पडू लागले होते आणि रस्त्यापलीकडच्या चर्चनं छत्र्या वाटून गर्दी खेचली होती. तेव्हा यांनी ठरवलं, पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला एक थर्मास, फीत बांधून. शिवाय छातीवर पिवळं कागदी फूल, पहिल्या बाकावर जागा, उभं राहून टाळ्या आणि उपासनेनंतर कॉफी.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "देवाकडे माणसं आणायला आमिष लागतं? मग उद्या गुडघे टेकले की इस्त्री द्या आणि आमेन म्हटलं की मिक्सर!"

"प्रभूनंही मासे धरणाऱ्यांनाच बोलावलं होतं, बाई," पाळक म्हणाले होते. "गळाला काहीतरी लावावंच लागतं."

"ते जाळं टाकायचे. गळ नव्हे."

पण थर्मास तोवर येऊन पडले होते. शेवटी तडजोड झाली. टेबलावर बाईंनीच बसायचं. एक जरी लबाड त्यांनी पुराव्यानिशी पकडला, तरी योजना त्याच दिवशी बंद. तेव्हापासून बाई डोळ्यांत तेल घालून बसत होत्या. पहिलं गीत सुरू झालं की त्या उठून शेवटून दुसऱ्या बाकावर, आपल्या नेहमीच्या जागी जात. ती जागा त्यांनी कधीच सोडली नव्हती, कारण तिथून सगळी मंडळी नजरेच्या टप्प्यात राहतात असं त्यांचं म्हणणं होतं.

आज मात्र गीतापर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

"पाळकसाहेब, जरा इकडे या," त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली. "हे गृहस्थ आज चौथ्यांदा पहिल्यांदा आले आहेत."

मिशीनं तेवढ्यात साथ सोडली. ती नोंदवहीत 'व्यवसाय' या रकान्यात जाऊन पडली. पाहुणा कानापर्यंत लाल झाला. बाईंनी त्याच्या खांद्यावरच्या फुगलेल्या पिशवीकडे बोट दाखवताच त्यानं मुकाट्यानं आतले तीन थर्मास काढून टेबलावर ओळीनं ठेवले. तिन्हींच्या फिती जशाच्या तशा होत्या.

"दर वेळी परत करायलाच आणतो," तो म्हणाला. "इथवर आलो की धीर होत नाही."

"थर्मास नको होता, तर मग एवढा खटाटोप कशाला?" पाळकांनी विचारलं.

त्यानं टेबलावरच्या पिवळ्या फुलांकडे पाहिलं. "तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरता ना, त्यासाठी. पुढे नेऊन बसवता. कॉफी पिताना कुणीतरी विचारतं, घरी कोण कोण असतं म्हणून. नव्या माणसाला विचारतात तसं."

"कोण असतं घरी?" पाळकांनी विचारलंच.

"कुणी नाही. पण विचारलं की बरं वाटतं."

पाळकांनी टेबलाखालचं थर्मासचं खोकं पायानंच मागे सारलं. "जिंकलात, बाई," ते हळूच म्हणाले. "आजपासून बंद."

या क्षणाची बाईंनी कितीतरी रविवार वाट पाहिली होती. आता तो आला, तर त्या ओळीतल्या थर्मासच्या फिती सरळ करत बसल्या. माणूस वाईट नव्हता, उलट त्याची दयाच येत होती. पण चौतीस वर्षांची सवय अशी सुटते थोडीच.

"ते सगळं ठीक आहे, पण खोटं ते खोटंच," त्या म्हणाल्या. "आपल्या खऱ्या चेहऱ्यानं यायला काय झालं होतं? मी एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. दर रविवारी विचारपूस केली असती तुमची."

"खऱ्या चेहऱ्यानं अकरा वर्षं आलो, बाई," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्या मागच्याच बाकावर बसायचो. अंबाड्याला तुम्ही पाच आकडे लावता. पावसाळ्यात सहा."