मिरच्यांचा धूर

मेक्सिकोतल्या वाहाका शहरातल्या त्या घरात एउलालियाने साल्साच्या चटणीसाठी तव्यावर वाळक्या मिरच्या टाकल्या, की सासू, नवरा, दीर आणि पोरं खोकत खोकत अंगणात पळत. "सूनबाई, साल्सा करतेस की आमचा जीव घेतेस?" सासू बाहेरून ओरडे. एउलालिया नाकाला ओला फडका बांधून स्टुलावर डोळे मिटून बसे. मिरच्या जरा करपत, साल्सा कडवट होई. पण दिवसभरात तिला कुणी हाक न मारण्याचा तेवढाच वेळ होता.

तिच्या वाढदिवसाला नवऱ्याने स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवला.


"रोज एकटीच धुरात बसतेस, बघवत नाही गं," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या अंगणातून स्वयंपाकघरात आणल्या.