डेकवरचं दार

"डेकवरचं दार उघडं राहिलं होतं," कप्तान म्हणाला. "चूक माझी. जहाजाचा काही दोष नाही."

चौकशीच्या दालनात कुणीतरी सुटकेचा सुस्कारा सोडला. तो आपणच सोडला, हे इंजिनियरबाईंच्या जरा उशिरा लक्षात आलं. तीन डोलकाठ्यांचं ते जहाज त्यांनी रेखलं होतं. चार वर्षं ते डौलात फिरलं, आणि गेल्या महिन्यात अचानक आलेल्या वाऱ्यात आडवं झालं ते उठलंच नाही. माणसं सगळी वाचली. प्रश्न एकच उरला होता. दारं बंद असतील तर आडवं झालेलं जहाज पुन्हा उभं राहायलाच हवं, असं बाईंचं गणित होतं. दार उघडं असेल, तर गणित बरोबर. बंद असेल, तर चूक. आणि त्याच आराखड्यावरून त्यांच्या कारखान्यात दुसरं जहाज बांधलं जात होतं.

"सुटलीस," बाहेर आल्यावर काका म्हणाले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ आणि कारखान्याचे मुख्य सुतार. "गड्याने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला."

"पण का?"

"आता कबूल करणाऱ्यावरही संशय? धन्य आहे तुझी!"

संशय मात्र जाईना. हवं ते उत्तर पहिल्या फटक्यात मिळालं, की बाई आधी तराजू तपासत. चौकशीत माणसं चुका झाकतात. या माणसाने विचारायच्या आधीच आपली चूक सांगून टाकली, आणि परवाना घालवून बसला. मग त्याच्या पदरात काय पडलं? जहाजाच्या मालकाने नव्या जहाजाचं सुकाणू तर त्याला कबूल केलं नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान कारखान्यात आला. "नवं एकदा बघू द्या," एवढंच म्हणाला. काकांनी त्याला माडीवर बाईंच्या खोलीत आणून सोडलं आणि दार सताड उघडं टाकून ते गेले. ते दार फुगलेलं होतं. चौकटीत बसतच नसे. सुताराच्या घरचं दार, त्यामुळे दहा वर्षं 'उद्या करतो' चाललं होतं. कागद उडू नयेत म्हणून बाई त्यांवर शिशाचे तुकडे ठेवत.

कप्तान खिडकीशी उभा राहिला. खाली नव्या जहाजाच्या बरगड्या उभ्या होत्या.

"काय रेखलंय बाई तुम्ही! पाणी कापत जायचं, पण पाण्याला कळायचं नाही. चार वर्षांत एकदा कुरकुरलं नाही हो."

बोलताना त्याची नजर दोनदा दाराकडे गेली. कुणी ऐकतंय का याची धास्ती दिसते, बाईंनी मनात नोंदवलं.

"नव्याचं सुकाणू तुमच्याकडेच येणार म्हणे?" त्यांनी खडा टाकून पाहिला.

तो हसला. "परवाना नसलेल्या माणसाकडे? आता मला तळ्यातली होडीसुद्धा कुणी देणार नाही."

"मग मला खरं सांगा. दार उघडं होतं?"

"लेखी दिलंय की." तो बरगड्यांकडेच बघत होता. "हे मोडू देऊ नका, बाई. पुरं करा. असं अंग पुन्हा कुणी रेखणार नाही."

तो निघाला. खिडकी मोकळी झाली, आता वारा येणार म्हणून बाईंनी सवयीने शिशाचा तुकडा कागदावर सरकवला. वारा आला नाही. बाहेरून कुणीतरी मुठीला धरून दार किंचित उचललं, ओढलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ते चौकटीत बसलं. पावलं जिना उतरू लागली. तीन पायऱ्यांवर थबकली. परत वर आली. दार एकदा ढकलून पाहिलं गेलं. मग पुन्हा एकदा. मग पावलं खाली गेली.

तो दोनदा दाराकडे का बघत होता, ते आता बाईंना कळलं. उघडायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

जिन्याच्या माथ्यावरून त्यांनी खाली हाक मारली, "काका, काम थांबवा. माझं गणित चुकलंय."