डब्यातला अर्ज

राजेंद्र नगरात मंजुळा ज्या साहेबांकडे पोळ्या करायची, त्यांच्याच कचेरीत तिच्या नवऱ्याची, आनंदरावांची, फाइल होती. गिरणीचा भोंगा कायमचा थांबून बारा वर्षं झाली होती. आता नव्या मॉलवर चौकीदारी मिळत होती, पण महिनाअखेरपर्यंत त्या कचेरीतून गिरणीतल्या नोकरीचा दाखला हवा होता.

"फाइल पुढे रवाना केली होती ना, बाई. आता सापडत नाहीये," साहेब दर वेळी म्हणायचे.

रविवारी मात्र साहेबांना सगळं सापडायचं. अमेरिकेहून मागवलेलं जीपीएसचं यंत्र हातात धरून ते टेकड्या तुडवत आणि कुणीतरी लपवलेला प्लास्टिकचा डबा दगडाखालून हुडकून आणत.

"उपग्रह बरोब्बर जागा दाखवतो, भिया," ते शेजाऱ्यांना सांगत. "डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि तो दुसरीकडे नेऊन लपवायचा. बस, हाच खेळ."

या वेळचा डबा आठवडाभर फ्रिजवर पडून होता. मंजुळेने नवऱ्याचा नवा अर्ज चार घड्या घालून त्यात ठेवला. साहेब हमखास उघडून बघतील अशी घरात तेवढी एकच जागा होती.

रविवारी संध्याकाळी चिखलाचे बूट काढता काढता साहेब खुशीत म्हणाले,


"मंजुळाबाई, तुमचा अर्ज मिळाला. सहीसुद्धा केली त्यावर, आणि डब्यातच ठेवून राऊ गावाच्या पुढे टेकडीवर असा लपवून आलोय, की आता कुणाला सापडायचा नाही."