शालूची कुंची

हेमांगीनं मशीनवरची टाक्याची चकती तीनवरून एकवर आणली. तीनवरचा टाका सहज उसवतो. एकवर तो मोहरीहून बारीक पडतो आणि उसवायला गेलं की दोऱ्याआधी कापडच फाटतं.

पुढ्यात सासूबाईंच्या लग्नातला शालू होता. नणंदेच्या मुलाचं बारसं होतं आणि कुंची आजीच्याच शालूची हवी होती. चार वर्षांपूर्वी हेमांगीनं आपल्या लेकीसाठीही कुंची शिवली होती, जुन्या साडीची. भर बारशात सासूबाईंनी ती हातात घेतली, शिवण वाकडी म्हणाल्या आणि ब्लेडनं उसवून टाकली. "याच्यापेक्षा ठिगळ बरं!" बायका फिदीफिदी हसल्या. लेक बोडक्या डोक्यानं पाळण्यात गेली. तेव्हापासून सुनेनं शिवलेलं काहीही सासूबाई उसवल्याशिवाय सोडत नसत.

हेमांगीनं कुंची शिवली. मागची शिवण मुद्दाम नखभर वाकडी घातली.

बारशाला घर भरलं. सासूबाईंनी कुंची उलटीपालटी करून पाहिली. "ही बघा आमच्या सुनेची शिवण! ब्लेड आणा गं कुणीतरी."

"राहू द्या ना, आई. चांगली दिसतेय." एवढं म्हटलं की त्या मुळीच थांबणार नाहीत, हे हेमांगीला पक्कं ठाऊक होतं.

ब्लेड फिरलं. टाका हलेना, म्हणून सासूबाईंनी हिसका दिला. शालू कडेपासून मध्यापर्यंत टर्रकन फाटला. या वेळी कुणीच हसलं नाही.

हेमांगीनं लेकीला कडेवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ठिगळ लावून देऊ का, आई?"