शेजाऱ्याचा ग्लास

ग्लेनने ग्लास तोंडाला लावला आणि दत्तप्रसाद मनातल्या मनात ओरडले, सापडला! ड्युटीवर पितोय लेकाचा. आता घरी जाऊन ईश्वरीला एवढंच सांगायचं, की विषय खलास.

अबुधाबीच्या त्या हॉटेलात आज नवशिक्यांना जपानी सिंगल माल्ट व्हिस्कीची ओळख करून देत होते. ओळख करून देणारा हा ग्लेन, वसईचा. लग्न करीन तर याच्याशीच, म्हणून दत्तप्रसादांची लेक ईश्वरी अडून बसली होती. त्याला साधं भेटायलाही त्यांनी नकार दिला होता. "पोरगा ख्रिश्चन आहे त्याचं मला काही नाही," ते ज्याला त्याला सांगायचे, "पण दारू ओतणारा जावई?" त्यातलं पहिलं वाक्य निम्मं खोटं होतं. दुसरं मात्र अगदी पोटातून आलेलं. ओतणारा हात एक ना एक दिवस स्वतःच्या तोंडाकडे वळणारच, आणि मग भोगणार कोण? आपली एकुलती एक पोर. या विचाराने त्यांना झोप लागेना. शेवटी ऑफिसात ऑडिट आहे अशी बायकोला थाप मारून ते पुरावा गोळा करायला आले. दारात नाव विचारलं तर बिनदिक्कत ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं ठोकून दिलं. कुशल. शर्टावर तशी चिठ्ठीसुद्धा चिकटवून घेतली.

"सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली," ग्लेन इंग्रजीत सांगत होता. "जपानी लोक हे स्कॉटलंडकडून शिकले. पण लाकूड घरचं वापरलं. मिझुनारा नावाचा ओक. तुमच्या ग्लासातली त्याच्या पिंपात मुरलीय. घाई नको, आधी वास घ्या. चंदन आठवतंय का बघा."

"ओ माय गॉड, खरंच सँडलवुड!" शेजारच्या अ‍ॅलिसबाई ग्लासात नाक खुपसून म्हणाल्या.

"आणि एक रीत. तिकडे आपला ग्लास आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याने आपला भरायचा, आपण शेजाऱ्याचा. आज तुमचे सगळ्यांचे मी भरून आणलेत."

"मग तुझा कोण भरणार रे?" अ‍ॅलिसबाईंनी विचारलं.

"माझा मलाच भरावा लागतो, मॅडम," ग्लेन हसला. काउंटरखालून त्याने एक तपकिरी बाटली काढली आणि आपला ग्लास पुन्हा भरला.

खाली लपवलेली बाटली! दत्तप्रसादांचे डोळे लकाकले. पितो तो पितो, वर चोरूनही पितो.

मग त्यांनी स्वतःच्या ग्लासाकडे पाहिलं. हृदयात स्टेंट बसल्यापासून ते थेंबाला शिवले नव्हते. डॉक्टरांनी तंबी दिली होती आणि ईश्वरीने आपल्या गळ्याची शपथ घातली होती. पण नुसतं बसलो तर याला संशय येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं. त्यांनी वास घेतला. चंदन कुठलं? हा तर सातूचं पीठ करताना घरभर सुटतो तसला खरपूस वास. एक घोट घेतला. घशात जळजळ नाही, छातीत ऊब नाही. दुसरा घेतला. अगदीच मिळमिळीत! शेजारी अ‍ॅलिसबाई ठसका लागून डोळे पुसत होत्या. म्हणजे त्यांना अस्सल आणि आपल्याला नकली? म्हातारा बघून टोपी घातली होय? अस्सल माल स्वतःसाठी खाली ठेवतो आणि गिऱ्हाइकाला हे पाजतो! दारुडा तर होताच, आता लबाडही निघाला. दत्तप्रसादांना राग आला, आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला.

मध्ये थोडी विश्रांती झाली. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले. दत्तप्रसाद ग्लास घेऊन तरातरा काउंटरपाशी गेले.

"ये व्हिस्की नहीं है! मॅनेजर को बुलाओ. अभी के अभी!"

ग्लेन पुढे वाकला. "हळू, काका," तो मराठीत म्हणाला.

काका? दत्तप्रसादांचा हात आपोआप छातीवरच्या चिठ्ठीकडे गेला.

"जवाचा चहा आहे. जपानी लोक उन्हाळ्यात गार करून पितात. आज इथे दोनच ग्लासांत आहे. एक तुमच्या, एक माझ्या." त्याने तपकिरी बाटली वर ठेवली. "ईश्वरीच्या फोनवर तुमचा हॉस्पिटलातला फोटो आहे. दारातच ओळखलं मी. नको म्हटलं असतं तर चारचौघांत तुम्हाला वाईट वाटलं असतं."

दत्तप्रसादांनी त्याच्या ग्लासाकडे बोट दाखवलं. "आणि तू? तू का चहा?"

"मी घेतच नाही, काका. वास ओळखायचं काम माझं, पोट नाकावर चालतं."

दत्तप्रसादांचे कान तापले. पकडायला आले होते, आणि पकडले गेले होते ते स्वतः, तेही शपथ मोडताना. ईश्वरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांना भयंकर लाज वाटली.

"घरी सांगशील?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"काय सांगू? तुम्ही तर चहा प्यालात."

ग्लेनचा ग्लास संपला होता. त्याने बाटलीकडे हात नेला, तशी दत्तप्रसादांनी ती आधीच उचलली.

"आण इकडे तो ग्लास. आपला आपण भरायचा नसतो ना?" त्यांनी तो काठोकाठ भरला. "आणि रविवारी घरी ये. पोहे आमच्याकडे. चहा तू आण."